आंब्रेकाकांचा गुरुवार

घंटा वाजत होती आणि आंब्रेकाका तिच्यासमोर उभे राहून ती ऐकत नव्हते.

मी लोखंडी जिन्यावरून धावत खाली आले. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाण्याचा थेंब दिसत नव्हता. भट्टी मात्र लालभडक पेटलेली.

"काका!"

त्यांनी मान वळवली नाही. हात पाठीमागे बांधलेले, डोळे उघडे, नजर काचनळीवरच. मी पंखे बंद केले, भट्टीत इंधन ढकलणारा पट्टा थांबवला, वाफेचा व्हॉल्व्ह आवळला. पाण्याच्या पंपाच्या बटणाकडे माझा हात गेला आणि तसाच मागे आला. तापून कोरड्या पडलेल्या बॉयलरला घाईनं पाणी पाजायचं नाही, तो फुटतो. हे मला ज्यानं शिकवलं तो माणूस माझ्या शेजारी पुतळ्यासारखा उभा होता.

भट्टी निवत आली तशी मी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. ते दचकले. एकदा काचनळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"झोपलो नव्हतो गो बाय," ते म्हणाले. "हितंच होतो मी."

लोटे पठारावरच्या त्या औषध कंपनीत मी नाशिकहून आले तेव्हा नुकती डिप्लोमा पास झालेली होते. बाईमाणसाला बॉयलरवर पाठवलं म्हणून लोक हसायचे. हसले नाहीत ते एकटे रघुनाथ आंब्रे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "आवाज कसला येतोय सांग." पंपाचा, पंख्याचा, वाफ गळत असेल तर तिचा, असा एकेक आवाज त्यांनी मला वेगळा करून दिला. पुढं मी त्या विभागाची प्रमुख झाले. तेव्हापासून चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणू लागले आणि कुणी नसलं की 'बाय'.

अशा माणसाला घंटा ऐकू आली नव्हती. आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या हातून चुका होऊ लागल्या होत्या. उघडा ठेवायचा व्हॉल्व्ह बंद, बंद ठेवायचा उघडा. मी प्रत्येक वेळी निस्तरून घेतलं होतं.

या वेळी ते झाकण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंडसेसाहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, मला बोलावलं.

"दारू?"

"नाही सर. वास कधीच आला नाही."

"मग काय?"

"माहीत नाही."

"तांबट, तो बॉयलर फुटला तर शेजारच्या शेडमधली माणसं गोळा करायला सुपं लागतील. त्यांना घरी बसवा."

"निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत त्यांचे. मला एक आठवडा द्या. मी त्यांना 'सोबत'मध्ये पाठवते. तोवर बॉयलरवर त्यांच्याबरोबर दुसरा माणूस ठेवते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठवडा," ते म्हणाले.

'सोबत' ही कंपनीनं वर्षभरापूर्वी सुरू केलेली सोय होती. कामगाराला घरची, मनाची, व्यसनाची कसलीही अडचण असो, त्यानं यावं, बोलावं. बोललेलं बाहेर जाणार नाही, नोकरीवर गदा येणार नाही, डॉक्टर लागला तर खर्च कंपनीचा. दर गुरुवारी चिपळूणहून नफिसा मुकादम नावाच्या समुपदेशक बाई यायच्या आणि प्रथमोपचाराच्या शेजारच्या खोलीत दिवसभर बसून राहायच्या. बसूनच राहायच्या, कारण कुणी जायचं नाही. खोली कॅन्टीनच्या अगदी समोर. आत गेलेला माणूस सगळ्यांना दिसणार. कामगार तिला 'वेड्यांची खोली' म्हणायचे.

आम्हा प्रमुखांना मुकादम मॅडमनी एक दिवस शिकवलं होतं. "तुम्ही डॉक्टर होऊ नका," त्या म्हणाल्या होत्या. "घरी काय झालंय ते खोदून विचारू नका. कामात काय बिघडलंय ते स्पष्ट सांगा, आणि दार दाखवा."

त्या दुपारी काका कामावर आले तेव्हा मी त्यांना बॉयलरच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ नेलं. चहाचे कप हातात होते. मी शिकवल्याप्रमाणे बोलले. काय झालं, त्यानं काय होऊ शकलं असतं, पुन्हा झालं तर मला काय करावं लागेल. ते मान खाली घालून ऐकत होते.

"कारण मी विचारत नाही," मी म्हटलं. "पण गुरुवारी मुकादम मॅडमकडे जा. मी तुमच्यासाठी वेळ सांगून ठेवली आहे."

त्यांनी झटकन वर बघितलं. "मी वेडा झालो काय?"

"तसं नाही काका."

"मग? त्या बाईसमोर बसून काय सांगू? माझ्या घराची कवाडं उघडू?"

"जे सांगावंसं वाटेल ते."

"नाय वाटत." कप त्यांनी टाकीच्या कठड्यावर आपटला. "तुला रेघ न् रेघ शिकवली मी. आणि आज तू मला त्या खोलीत धाडतेस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी येऊ दिलं, पण शब्द मागे घेतला नाही. "गुरुवारी गेलात तर बॉयलरवर. नाही गेलात तर मला तुम्हाला इथून काढावं लागेल."

ते टाकीतल्या पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "जाईन." आवाज इतका पडेल होता की मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

गुरुवार उजाडला. मी कॅन्टीनच्या खिडकीत बसून समोरच्या दारावर डोळा ठेवला. दिवसभरात तिथं कुणीही गेलं नाही. दुपारच्या पाळीला काका आले ते थेट बॉयलरवर. मी रागानं खाली गेले, तर ते त्यांच्या जोडीला दिलेल्या साळवीला काहीतरी समजावत होते. साळवी हा आमचा तरणा फिटर. सेफ्टी व्हॉल्व्ह थंडीत जरा चिकटतो, तेव्हा काय करायचं. डावीकडचा पंप वरून बरा वाटला तरी त्याच्यावर विसंबायचं नाही. सारं हळू, सावकाश, पूर्वीसारखं. डोळेही निवलेले. खूप दिवसांनी मला माझे जुने आंब्रेकाका दिसले.

"गेला नाहीत तुम्ही," मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं.

"उद्या बोलू बाय. आता मला बरं वाटतंय. खरंच." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आठ वर्षांत कधी ठेवला नव्हता.

ते पाहून मी पुढं ताणलं नाही. निवृत्ती जवळ आली, मन तयार होत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

शुक्रवारी ते आले नाहीत. निरोपही नव्हता. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं झालं नव्हतं. पाळी सुरू होऊन बराच वेळ गेला तेव्हा मी मुकादम मॅडमना फोन केला.

"तुमच्याकडे यायची लाज वाटत असेल त्यांना," मी म्हटलं. "काय करू?"

"मग खोली त्यांच्याकडे जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मी घरी येऊ शकते. पण विचारल्याशिवाय नाही. त्यांचा फोन लागतोय?"

"बंद आहे."

"काल कसे होते?"

"शांत. अगदी शांत. साळवीला सगळं शिकवत होते."

"घर लांब आहे?"

"पठाराखाली. जवळच."

"तुम्ही आत्ता जा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदललेला मला कळला. "मीपण निघते."

पठार उतरलं की आंब्रेवाडीचा रस्ता सुरू होतो, तांबडा, दगडगोट्यांचा. मी स्कूटी काढली. काकांचं घर वाडीच्या टोकाला, चिऱ्याचं, मागं फणसाची दाट झाडं. इतक्या वर्षांत मी त्या घरी गेले नव्हते. कधी विषय काढला की ते म्हणायचे, कुंदाला बरं नसतं, नंतर ये.

पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. परत फिरणार तोच आतून बांगड्यांचा आवाज आला. कुणीतरी गुणगुणत होतं. मी घराला वळसा घातला. काकांची स्कूटर फणसाखाली माडाच्या झापानं झाकून ठेवलेली होती. मागच्या पडवीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत खाटेवर एक बाई बसली होती. जरीची साडी, चोपून विंचरलेले पांढरे केस, केसांत अबोलीचा वळेसर. लग्नाला निघाल्यासारखी. तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची मऊ पट्टी बांधलेली होती आणि त्या पट्टीची दुसरी गाठ खाटेच्या पायाला होती. समोर पाटावर आंब्रेकाका. धुतलेला पांढरा सदरा. दोघांच्या मध्ये शेवयांच्या खिरीच्या दोन वाट्या.

"तू कशाला आलीस?" काका म्हणाले. ओरडले नाहीत. जणू मी एखाद्या मोठ्या कामात खोळंबा केला होता.

माझी नजर त्या गाठीवरून हलत नव्हती. "हे काय आहे?"

"बघितलंस ना? आता जा."

"तुम्ही काकूंना बांधून ठेवता?"

"नाय बांधली तर हायवेवर जाते. दोनदा नदीवरून आणली. मी कामावर असताना कोण बघणार हिला? रात्री झोपत नाय, मला झोपू देत नाय. वाडीत म्हणतात बाधा झालीय. भगताकडं नेली, त्यानं छडीनं मारली हिला." हे सगळं ते भिंतीकडे बघून बोलत होते. "तुझ्या त्या खोलीत जाऊन हे सांगू? बायकोला ढोरासारखी बांधून कामावर येतो म्हणून?"

"आलीस?" कुंदाकाकू मध्येच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ हसू होतं की मी दारातच थबकले. "उन्हाची आलीस गो. बस. अहो, पाट द्या ना तिला."

काका जागचे हलले नाहीत.

"असे कसे हो तुम्ही?" काकूंनी पुढ्यातली एक वाटी उचलून माझ्यापुढं धरली. "घे. आधी पाहुण्यानं घ्यायचं."

मी घेतली. हातांचं काय करावं कळत नव्हतं, आणि ती म्हातारी इतक्या मायेनं देत होती. खीर कोमट होती. मी चमचा उचलला.

आंब्रेकाका पाटावरून कसे उठले ते मला दिसलंच नाही. त्यांचा हात माझ्या हातावर बसला, वाटी भिंतीवर जाऊन आदळली.

"खाऊ नको!"

खीर भिंतीवरून ओघळू लागली. काकांनी माझं मनगट धरून मला ओढत बाहेर पाण्याच्या दोणीपाशी नेलं. माझी बोटं पाण्यात बुडवून ते खसाखसा चोळत होते.

"तोंडात गेली? सांग! थुंक. थुंक गो बाय!"

"नाही गेली काका. नाही गेली."

"नक्की?"

"चमचा लागलाच नाही."

ते थांबले. माझं मनगट अजून त्यांच्या मुठीत होतं. आपण काय सांगून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं असावं, आणि मलाही तेव्हाच. जरीची साडी, अबोली, बाहेरचं कुलूप, झाकलेली स्कूटर.

मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं की दुसरी वाटी आत आहे.

त्यांच्या आधी मी पोहोचले. कुंदाकाकूंनी वाटी मांडीवर घेतली होती, चमचा ओठांशी नेला होता. मी किंचाळले. त्यांनी दचकून वर बघितलं.

"निववत होते गो," त्या म्हणाल्या. "तुझी सांडली ना. म्हटलं, ही निववून देते."

मी वाटी काढून घेतली. मी तिथंच जमिनीवर बसले, वाटी दोन्ही हातांत घट्ट धरून. काका दारात उंबऱ्यावर कोसळले. रडत नव्हते. तोंड उघडं होतं, त्यातून नुसती हवा आत जात होती, बाहेर येत होती.

मुकादम मॅडम आल्या तेव्हा आम्ही तिघंही तसेच होतो. मी फोनवर त्यांना दोनच वाक्यं सांगू शकले होते. गाडी त्यांनी लांबच उभी केली आणि एकट्या चालत आल्या. वाडीतलं कुणी जमायला नको म्हणून, हे मला नंतर कळलं. आत येऊन त्यांनी पहिल्यांदा कुंदाकाकूंच्या कमरेची गाठ सोडली. मग काकांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसल्या.

"आंब्रे," त्या म्हणाल्या, "सरळ विचारते. मरायचं अजून मनात आहे?"

कुणी असं उघड विचारतं, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. काकांनी मान हलवली. हो.

"कधीपासून?"

"निवृत्ती जवळ आली तेव्हापासून. घरी बसल्यावर काय, या विचारानं. दिवसरात्र हिच्यासमोर, आणि ही मला वळखत नाय. परवा मला म्हणाली, तुम्ही कोण, माझे मालक येतील, तुम्ही जा." त्यांनी खाटेकडे बघितलं. "मी एकटा गेलो असतो. पण मग हिला कोण बघणार? त्याच्यावरच अडत होतं सगळं."

"मग तेच आधी ठरवू," मुकादम मॅडम म्हणाल्या. "हिला कोण बघणार. बाकीचं मागून."

त्यांनी उपदेश केला नाही. हे वेड नाही, बाधा नाही, म्हातारपणी मेंदूला होणारा आजार आहे, त्याचे डॉक्टर असतात, एवढं सांगितलं. मुलगी कुठं असते ते विचारलं. पनवेलला. तिला माहीत आहे? नाही. आई बरी आहे असंच काका तिला दोन वर्षं सांगत आले होते.

"फोन लावा तिला. तुम्हीच बोला. मी शेजारी बसते."

"काय सांगू?"

"आई आजारी आहे, आणि मला एकट्याला झेपत नाही. एवढंच."

काकांनी ते वाक्य मुलीला सांगितलं. 'झेपत नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायला फार वेळ लागला. पलीकडून रडण्याचा आवाज इकडेपर्यंत आला.

मग मॅडमनी माझ्या हातातली वाटी घेतली. "हे पुरायला हवं. कुदळ आहे?"

कुदळ काकांनीच आणली. परसात फणसाखाली ते खणू लागले. मॅडम शेजारी उभ्या. "अजून खोल," त्या म्हणाल्या. "कोंबड्या उकरतील." काका खणत राहिले. पांढरा सदरा मातीनं भरला. वाट्या, भिंत पुसलेलं फडकं, घरात जे विष उरलं होतं ते, सगळं त्या खड्ड्यात गेलं. माती लोटताना ते पहिल्यांदा मोठ्यानं रडले. कुंदाकाकू पडवीत उभ्या राहून बघत होत्या. कमरेला गाठ नव्हती, तरी कुठं गेल्या नाहीत.

"कोण गेलं गो?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही काकू," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांना चिपळूणला नेलं. काकांना डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं. मुलगी, सुजाता, रात्रीपर्यंत पोहोचली. पेंडसेसाहेबांना मी फक्त एवढंच कळवलं की आंब्रे आजारी आहेत आणि 'सोबत'तर्फे उपचार चालू आहेत. त्यांनी पुढं विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. कुंदाकाकू बऱ्या झाल्या नाहीत, त्या आजारातून कुणी बरं होत नाही. पण त्यांना दिवसा सांभाळायला वाडीतलीच एक बाई मिळाली, पगार कंपनीनं दिला, सुजाता महिन्यातून येऊ लागली. भगताचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. काकूंनी पुढची काही वर्षं त्याच घरात काढली, मोकळ्या, आणि गेल्या त्याही झोपेत. शेवटपर्यंत त्यांनी नवऱ्याला ओळखलं नाही. काका बॉयलरवर परत आले नाहीत. डॉक्टरांनी नको म्हटलं, आणि त्यांनाही ते पटलं. स्टोअरमध्ये बसून त्यांनी उरलेली नोकरी पुरी केली. वाईट दिवस नंतरही आले. एकदा तर मुकादम मॅडमना भर सणाच्या दिवशी धावत यावं लागलं.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो ते कामावर परतल्यानंतरचा पहिला गुरुवार.

कॅन्टीन भरलेलं होतं. आंब्रेकाका स्टोअरमधून निघाले, सगळ्यांच्या नजरांमधून चालत प्रथमोपचाराच्या शेजारच्या दारापर्यंत आले आणि तिथं थांबले. हात कडीवर, पण कडी काही उघडेना. मी उठून त्यांच्याजवळ गेले.

"बाहेर थांबशील?" त्यांनी हळूच विचारलं.

"थांबते."

ते आत गेले. दार लागलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. कॅन्टीनमधला गलबला कमी झाला होता, पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. ताट धुवायला निघालेला साळवी माझ्यासमोर येऊन थांबला.

"मॅडम, तुम्ही इथं कशाला?"

आंब्रेकाकांसाठी, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण त्या शुक्रवारपासून मला वाटीतलं काही खाता येत नव्हतं. माझ्या राहत्या खोलीवर परत गेले की चमच्याचा आवाज ऐकू यायचा. चमचा ओठांशी नेलेली ती म्हातारी दिसायची. आईला फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणून सांगत होते.

"काकांच्या नंतर माझा नंबर आहे," मी म्हटलं.

आवाज मुद्दाम चढवला नव्हता, पण तो मागच्या बाकांपर्यंत गेला. साळवी ताट हातात धरून तसाच उभा राहिला. मग मान हलवून नळाकडे गेला. कुणी हसलं नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. काकांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी मला तिथंच उभी पाहिलं, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि दार हातानं धरून ठेवलं.

"जा गो बाय," ते म्हणाले. "मी हाय हितं."

मी आत गेले.